माइकच्या आधी खोली

*"मी गाणी लिहिते आणि गिटारवर गाते. गळा मोठा नाही. गिटारही बोटांनी, हलक्या हातानंच वाजवते. आजवर सगळं फोनवर रेकॉर्ड केलं, पण आवाज लांबून आल्यासारखा, घुमलेला येतो. आता थोडे पैसे साठलेत. एका नावाजलेल्या स्टुडिओ माइकवर डोळा आहे, पण त्यातच जवळजवळ सगळे पैसे संपतील. उरलेल्यात माइक लॅपटॉपला जोडणारा, मिळेल तो इंटरफेस आणि भिंतींना लावायला फोमच्या लाद्या घ्यायच्या, असं ठरवलंय. मित्र म्हणतो, एवढ्या भानगडीत पडू नकोस, सरळ थेट लॅपटॉपला लागणारा यूएसबी माइक घे. खोली लहान आहे, भिंती उघड्या, खिडकी रस्त्याकडे. लॅपटॉप जुना, ८ जीबी रॅमचा. आणि खरं सांगू? स्वस्त सामानावर केलेलं गाणं लोकांसमोर ठेवायची लाज वाटते. काय करू?"*

*— गाणारी, पण अडलेली*

नमस्कार,

तो माइक आत्ता घेऊ नका. माइक चांगलाच आहे, त्याचं नाव उगाच झालेलं नाही. पण तुमची तक्रार आहे ती "आवाज लांबून येतो, घुमतो" ही, आणि हे दुखणं माइकचं नाही, खोलीचं आणि अंतराचं आहे. तुमच्या उघड्या भिंतींच्या खोलीत तो महागडा माइक लावलात, तर तो तुमच्या भिंतींचा आवाज अधिक बारकाईनं टिपेल, एवढंच.

गाताना माइकपर्यंत दोन आवाज पोचतात. एक थेट ओठांतून आलेला. दुसरा भिंती, छत, फरशी, टेबल यांवर आपटून किंचित उशिरा आलेला. दुसरा पहिल्यापेक्षा वरचढ झाला की आपल्याला वाटतं, गाणारी व्यक्ती लांब कुठेतरी उभी आहे. आता गंमत अशी, की तुम्ही माइकच्या जवळ गेलात तर थेट आवाज वाढतो, पण खोलीचा आवाज होता तेवढाच राहतो. अंतर निम्मं केलं की थेट आवाज सुमारे ६ डेसिबलनं वाढतो. म्हणजे दोन फुटांवरून अर्ध्या फुटावर आलात तर १२ डेसिबलचा फायदा, तोही एक पैसा खर्च न करता. माइक बदलून असा फरक पडत नाही.

म्हणून आधी एक प्रयोग करा, हातातल्या फोनवरच. पंखा बंद करा. गाण्याच्या एकाच कडव्याचे तीन टेक घ्या: पहिला, तुम्ही नेहमी जिथे फोन ठेवता तिथून, दुसरा, फोन तोंडापासून वीतभर, थोडा तिरका, तिसरा, तेच अंतर, पण तुमच्या पाठीमागे एक जाड रजई टांगून. तिन्ही हेडफोन लावून एकामागून एक ऐका. फोन स्वतःच आवाज वरखाली करत असतो, त्यामुळे मोठा कुठला आणि बारीक कुठला हे बघू नका. प्रत्येक ओळ संपल्यावर मागे खोली किती वेळ रेंगाळते, तेवढंच ऐका. तिसऱ्या टेकमध्ये तुम्हाला तुमचा आवाज बहुधा पहिल्यांदाच जवळून ऐकू येईल.

रजई पाठीमागे का, पुढे का नाही, हे नीट समजून घ्या, कारण इथे पुष्कळांचे पैसे वाया जातात. गाण्यासाठी वापरले जाणारे बहुतेक माइक कार्डिऑइड असतात: समोरून ऐकतात, पाठीमागून फार कमी. तुम्ही माइकसमोर उभ्या राहिलात की माइकचं तोंड तुमच्याकडे आणि अर्थातच तुमच्या मागच्या भिंतीकडे असतं. म्हणजे मऊ, जाड काहीतरी हवं ते तुमच्या पाठीशी आणि दोन्ही बाजूंना. माइकच्या मागे फोम चिकटवून फोटो छान येतो, उपयोग त्या मानानं थोडा होतो. कपड्यांनी भरलेलं कपाट असेल तर दारं उघडी टाका आणि त्याच्याकडे पाठ करून गा. पलंगावरची गादी भिंतीला टेकवून उभी करता आली तर फारच उत्तम. रजई भिंतीला चिकटवून टांगण्यापेक्षा वीतभर पुढे टांगलेली जास्त काम करते.

फोमच्या लाद्या यादीतून काढाच. दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा फोम फक्त वरचे, टोकदार स्वर खातो. २०० हर्ट्झच्या स्वराची लहर सुमारे १.७ मीटर लांब असते, १०० हर्ट्झची ३.४ मीटर, तिला बोटभर जाडीच्या फोमचा अडसर कळतही नाही. परिणाम असा, की खोलीतली चमक जाते आणि घुमणारा बद्दपणा तसाच राहतो, म्हणजे आधीपेक्षा वाईट. काही जण भिंतीला लावतात त्या अंड्यांच्या ट्रेबद्दल तर बोलायलाच नको.

रस्त्याचा आवाज हा वेगळा विषय आहे. रजया, फोम, पडदे आतला घुमारा कमी करतात. बाहेरून येणारा आवाज थांबवायला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. ते खर्चाचं काम आहे, त्यात आत्ता पडू नका. खिडकी घट्ट बंद करा, रहदारी कमी असते ती वेळ गाण्यासाठी राखा आणि माइकची पाठ खिडकीकडे करा. असं केलं की तुमचं तोंड आपोआप खिडकीकडे आणि पाठ भिंतीकडे येते, आणि त्याच भिंतीवर तुमची रजई आहे. एका मांडणीत दोन्ही कामं झाली. लॅपटॉपसुद्धा माइकच्या मागच्या बाजूला, जितका लांब ठेवता येईल तितका ठेवा; त्याचा पंखा सुरू झाला की हलक्या आवाजातल्या गाण्यात तो स्पष्ट ऐकू येतो.

आता माइक. त्याचे मुख्य प्रकार दोन: दणकट डायनॅमिक, आणि बारीक आवाजही टिपणारा, वीज लागणारा कंडेन्सर. "घरात डायनॅमिकच घ्या, कंडेन्सर खोली ऐकतो," असं तुम्हाला अनेक जण सांगतील. ते अर्धं खरं आहे. दोन्ही कार्डिऑइड असतील आणि एकाच अंतरावर असतील, तर थेट आवाज आणि खोलीचा आवाज यांचं प्रमाण दोन्हींत जवळपास सारखंच राहतं. फरक पडतो तो वापराच्या सवयीनं: डायनॅमिक माइक ओठांना लावून गायला बनवलेला, कंडेन्सर आपण हातभर लांब ठेवतो. शिवाय कंडेन्सर वरचे स्वर जास्त टिपतो, म्हणून खोलीचे दोषही जास्त उठून दिसतात.

तुम्ही दणदणीत गात असता, तर मी डोळे झाकून शुअर एसएम५८ किंवा एसएम५७ सांगितला असता. हे माइक १९६५-६६ पासून बाजारात आहेत, पडले-आपटले तरी चालतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. पण तुमचा गळा हलका आणि गिटार बोटांनी वाजवलेली. डायनॅमिक माइकचा सिग्नल मुळात बारीक. हलकी गिटार टिपायला इंटरफेसचा गेन, म्हणजे सिग्नल वाढवायचं बटण, जवळजवळ शेवटपर्यंत फिरवावा लागतो आणि स्वस्त इंटरफेसमध्ये तिथे सळसळ सुरू होते. याच कारणानं मुलाखतींच्या व्हिडिओंमध्ये सगळ्यांच्या तोंडासमोर दिसणारा शुअर एसएम७बी तुम्ही घेऊ नये. त्याला सुमारे ६० डेसिबल स्वच्छ गेन लागतो आणि तो पुरवायला बऱ्याचदा सिग्नल वाढवणारी आणखी एक डबी विकत घ्यावी लागते.

तुमच्यासाठी मी साधा, कमी किमतीच्या वर्गातला कार्डिऑइड कंडेन्सर सुचवेन, ऑडिओ-टेक्निका एटी२०२० किंवा त्याच्या तोडीचा दुसरा कुठलाही. याची स्वतःची सळसळ २० डेसिबल आहे, काही महागड्या माइकांची ५ डेसिबलच्या आसपास. आकडा वाचून वाईट वाटून घेऊ नका. रात्रीची शांत खोलीसुद्धा साधारण ३० डेसिबलच्या घरात असते, म्हणजे महाग माइकची ती शांतता तुमच्या खोलीच्या आवाजाखाली झाकलीच जाणार. ज्या गुणासाठी जादा पैसे मोजायचे तो गुण ऐकूच येणार नसेल, तर ते पैसे दुसरीकडे लावलेले बरे.

अशा माइकमध्ये बाजूनं गायचं असतं, टोकाकडून नाही. ज्या बाजूला कंपनीची खूण असते ती सहसा समोरची. अंतर वीतभर. त्याहून जवळ गेलात तर आवाजाचा तळ फुगतो. हलक्या गळ्याला थोडा भरीवपणा मिळतो खरा, पण फार जवळ गेलं की शब्द चिखलात रुततात. आणि मध्ये पॉप फिल्टर, म्हणजे माइकपुढे लावायची जाळी, हवाच. मराठीत तर हवाच हवा, कारण प, ब याबरोबर फ, भ, ख, ठ असे महाप्राण आपल्या ओळीओळीत असतात आणि प्रत्येकाबरोबर वाऱ्याचा झोत माइकवर आदळतो. नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरनं तो धप्प आवाज पूर्ण निघत नाही. फिल्टर माइकपासून चार बोटं पुढे, आणि माइक ओठांच्या अगदी समोर न ठेवता थोडा बाजूला ठेवून तोंडाकडे वळवा.

गिटारसाठी हाच माइक बाराव्या पट्टीच्या समोर, वीत-दीड वीत अंतरावर धरा. भोकासमोर ठेवू नका, तिथून नुसता गडगडाट येतो. पहिले काही दिवस गिटार आणि गाणं वेगवेगळं रेकॉर्ड करा: आधी गिटार, मग ती हेडफोनवर ऐकत गाणं. एकाच माइकमध्ये दोन्ही कामं होतात. पण काही जणांचं गाणं असं वेगळं केलं की लय हरवते, सगळं सुटं सुटं वाटतं. तुमचं तसं होत असेल तर जबरदस्ती करू नका. माइक हातभर अंतरावर, छातीच्या उंचीला ठेवा. गळा कमी पडला तर वर सरकवा, गिटार कमी पडली तर खाली. हा समतोल नंतर बदलता येत नाही, म्हणून जागा शोधायला वेळ द्या. जिवंतपणा टिकला तर थोडी खोली ऐकू आलेली मला तरी चालते.

तुमच्या मित्राचं म्हणणं चुकीचं नाही. फक्त एकट्यानं गायचं किंवा बोलायचं असेल तर चांगला यूएसबी माइक पुरतो. पण तो पुढे वाढत नाही. उद्या गिटारला वेगळा माइक लावावासा वाटला, तर दोन यूएसबी माइक एकाच लॅपटॉपवर चालवणं डोकेदुखी होते. दोघांची घड्याळं वेगळी चालतात आणि लांब गाण्यात ट्रॅक एकमेकांपासून सरकत जातात. तुम्ही गाणी लिहिता, म्हणजे हे काम पुढे वाढणार आहे. दोन इनपुटचा इंटरफेस घ्या. फोकसराइट स्कार्लेट २आय२, बेहरिंगर यूएमसी२०२एचडी, किंवा त्या वर्गातला कुठलाही. बघायच्या गोष्टी तीन: दोन एक्सएलआर इनपुट (माइकच्या तीन पिनांच्या केबलसाठी), ४८ व्होल्टची फँटम पॉवर (केबलमधूनच माइकला मिळणारी वीज, कंडेन्सर तिच्याशिवाय चालत नाही) आणि डायरेक्ट मॉनिटरची सोय.

ही तिसरी सोय तुमच्या जुन्या लॅपटॉपसाठी महत्त्वाची आहे. आवाज लॅपटॉपमधून फिरून कानात परत यायला वेळ लागतो. बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, १२८ सॅम्पलचा (नमुन्यांचा) असेल तर ४४.१ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने घेताना, एका बफरला ३ मिलिसेकंदांहून थोडं कमी, १०२४ चा असेल तर सुमारे २३. आणि जाता-येता मिळून प्रत्यक्षात याच्या दुपटीहून जास्त. जुना लॅपटॉप छोट्या बफरवर अडखळतो, मोठ्यावर तुम्हाला स्वतःचा आवाज मागून येतो आणि सूर डगमगतो. डायरेक्ट मॉनिटरमध्ये आवाज इंटरफेसमधूनच थेट कानात येतो, लॅपटॉप कितीही जुना असो. विंडोज असेल तर इंटरफेसच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर (हा उशीर कमी करणारं सॉफ्टवेअर) आठवणीनं टाका.

खोक्यावर १९२ किलोहर्ट्झ लिहिलेलं दिसेल, त्याला भुलू नका. ४४.१ किलोहर्ट्झवर २२ किलोहर्ट्झपर्यंतचे स्वर टिपले जातात आणि माणसाचा कान फार तर २० पर्यंत ऐकतो. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट एवढं लावून ठेवा आणि पुन्हा तिकडे बघू नका. २४ बिटमुळे एक मोकळीक मिळते: लेव्हल भीत भीत लाल रेषेपर्यंत नेण्याची गरज नाही. सगळ्यात जोरात गायची ओळ गा, ती मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास दिसेल एवढाच गेन ठेवा. बारीक आलेला टेक नंतर मोठा करता येतो, फाटलेला आवाज शिवता येत नाही.

हेडफोन बंद पाठीचे घ्या, म्हणजे कानातली गिटार माइकमध्ये गळत नाही. सोनी एमडीआर-७५०६ किंवा ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम४०एक्स या धर्तीचे, वायरवाले. ब्लूटूथ हेडफोन कितीही भारी असले तरी रेकॉर्डिंगला उपयोगाचे नाहीत, त्यांत आवाज उशिरा पोचतो. मॉनिटर स्पीकर आत्ता नकोत. लहान, उघड्या भिंतींच्या खोलीत ते तुम्हाला गाण्याबद्दल चुकीची माहिती देतील: बास कुठे फुगलेला, कुठे गायब. मिक्स हेडफोनवर करा आणि मग फोनच्या स्पीकरवर, साध्या इअरफोनवर ऐकून बघा.

सॉफ्टवेअरवर खर्च शून्य. ॲपलचा संगणक असेल तर गॅरेजबँड आहेच. विंडोजवर रीपर वापरा. ते ६० दिवस पूर्ण क्षमतेनं वापरून बघता येतं, जुन्या यंत्रावर हलकं चालतं आणि परवानाही इतरांच्या मानानं स्वस्त आहे. नुसतं रेकॉर्ड करून कापायचं-जोडायचं असेल तर ऑडॅसिटी मोफत आहे. गळा, गिटार आणि वर दोन-चार ट्रॅक एवढ्याला ८ जीबी रॅम भरपूर झाली. विकतचे प्लगिन, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायचे जादा भाग, एकही घेऊ नका. रीपरबरोबर येणारे इक्वलायझर (स्वरांचं प्रमाण जुळवणारा) आणि कॉम्प्रेसर (मोठ्या-बारीक आवाजातला फरक कमी करणारा) नीट शिकायलाच कित्येक महिने पुरतील.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, लाजेचा. तो तुम्ही ओझरता विचारलात, पण मला वाटतं पत्र त्याच्यासाठीच लिहिलंय. १९७९ मध्ये टीॲक कंपनीनं पोर्टास्टुडिओ नावाचं यंत्र आणलं: साध्या कॅसेटवर चार ट्रॅक. त्यावर जगभरातल्या गाणाऱ्यांनी घरात बसून रेकॉर्डिंग केलं, आणि कॅसेटची सळसळ त्यात सतत असायची. तुम्ही घ्याल तो सगळ्यात स्वस्त इंटरफेससुद्धा त्या यंत्राहून कितीतरी स्वच्छ आवाज टिपतो. ऐकणाऱ्याला तुमच्या माइकची कंपनी कळत नाही. त्याला कळतं ते एवढंच: शब्द नीट ऐकू येतात का, आवाज फाटलाय का, खोली घुमते का आणि गाणारी मनापासून गातेय का. यातल्या पहिल्या तीन गोष्टी रजई, अंतर आणि गेनचं बटण यांनी साधतात. चौथी तुमच्याकडे आहे, नाहीतर इतक्या काळजीनं पत्र लिहिलं नसतं. लाज वाटू देऊ नका. गाणं लोकांसमोर ठेवा.

पैशांचं गणित असं मांडा. हातातल्या रकमेचे दहा भाग केले तर साडेतीन इंटरफेसला, तीन माइकला, दोन हेडफोनला. उरलेला दीड भाग स्टँड, एक्सएलआर केबल आणि पॉप फिल्टरला. स्टँडवर काटकसर नको. हलका स्टँड कलंडला की माइक फरशीवर. केबल मात्र सोन्याचा मुलामा दिलेली वगैरे नको, साधी, चांगल्या टोकांची पुरते. आणि माइक, स्टँड, फिल्टर, फोमची टोपी, केबल असं सगळं एकाच खोक्यात, नगण्य किमतीत देणारे संच मिळतात, ते टाळा. त्यातल्या स्टँडपासून माइकपर्यंत एकेक वस्तू पुढे बदलावी लागते. हप्त्यावर काहीही घेऊ नका. यातली कुठलीच वस्तू इतकी तातडीची नाही.

वापरलेलं सामान घ्यायला हरकत नाही, पण वस्तू बघून. डायनॅमिक माइक जुना असला तरी सहसा धडधाकट असतो. मात्र एसएम५८ च्या हुबेहूब नकला फार फिरतात, तेव्हा अनोळखी माणसाकडून भलत्याच स्वस्तात मिळत असेल तर सोडून द्या. कंडेन्सर दमट जागेत राहिला असेल तर आतून खराब होऊ शकतो: ४८ व्होल्ट सुरू करून, हेडफोन लावून मिनिटभर नुसती शांतता ऐका, मधूनच चरचर आली तर घेऊ नका. इंटरफेस घेण्याआधी तुमच्या लॅपटॉपवरच्या विंडोजसाठी त्याचा ड्रायव्हर अजून मिळतो का, हे कंपनीच्या संकेतस्थळावर बघा, आणि दोन्ही इनपुटमध्ये आळीपाळीनं माइक लावून गेनचं बटण सावकाश फिरवा. फिरवताना खरखर झाली तर बटण झिजलंय. हेडफोन शक्यतो नवेच घ्या.